ओळंबा खोटा ठरतो तेव्हा

बुऱ्हाणपूरला पाणी मिळावे म्हणून १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, जमिनीखालून एक वाट खोदली गेली. सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी वाटेत गाठायचे, बोगद्यातून शहराकडे वळवायचे आणि ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या ठेवायच्या. शंभराहून अधिक कुंड्यांची ही रांग म्हणजे कुंडी भंडारा. मोट नाही, रहाट नाही, सगळी भिस्त उतारावर. उतार कमी पडला की पाणी तुंबणार, जास्त झाला की बोगद्याची जमीन खरवडणार. हे काम करणाऱ्यांना एक गोष्ट फार नेमकी कळावी लागली असणार: खाली म्हणजे कुठे आणि सपाट म्हणजे काय.

जमिनीवर या प्रश्नाचे उत्तर गवंड्याच्या हातात असते. दोरीला वजन बांधून सोडले की ओळंबा खालची दिशा दाखवतो, आणि त्याच्याशी काटकोनात असेल ते सपाट. शेकडो वर्षांत या साधनात बदल करावासा कुणाला वाटला नाही, कारण ते चुकत नाही.

नकाशावर मुंबई आणि वाराणसी यांना जोडणारी सरळ रेघ काढली, तर ती बुऱ्हाणपूरला जवळजवळ शिवून जाते. त्या रेघेवरून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जाणाऱ्या विमानालाही प्रत्येक क्षणी तोच प्रश्न सोडवावा लागतो. डावा पंख खाली गेला आहे की उजवा, की दोन्ही समान पातळीवर आहेत? नाकापासून शेपटीपर्यंत गेलेल्या कल्पित दांड्याभोवती विमान असे एका अंगावर कलते, त्याला वैमानिक ‘रोल’ म्हणतात. कललेल्या अवस्थेत वळत राहण्याला ‘बँक’ म्हणतात. हा कल मोजायला विमानात ओळंबा टांगला, तर तो हमखास फसवतो.

कारण असे. विमान वळते ते कलूनच. पंखांवर वर ढकलणारा जो जोर असतो, त्याचा थोडा भाग कलल्यामुळे बाजूला वळतो आणि विमानाला वळणाच्या आतल्या बाजूला ओढतो. त्या वळणामुळे आतल्या प्रत्येक वस्तूला बाहेर फेकले गेल्यासारखे वाटते. हा भास आणि पृथ्वीची ओढ यांची बेरीज होते, आणि नीट घेतलेल्या वळणात ही बेरीज बरोबर विमानाच्या फरशीच्या दिशेने येते. विमान २५ अंश कललेले असते, तरी समोरच्या ट्रेवरचा चहा पेल्याच्या काठाशी समांतर राहतो. छताला बांधलेला ओळंबा फरशीकडे बोट दाखवतो, खऱ्या जमिनीकडे नाही. प्रवाशाच्या पाठीला आणि मांड्यांनाही तेच वाटते: आपण सरळ बसलो आहोत. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांना फिरणे कळते खरे, पण सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा हळू चाललेला रोल त्यांच्या लक्षातच येत नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तोवर ही फसवणूक चालत नाही. ढगात आणि काळोखात ती पूर्ण चालते.

म्हणून विमानाला गुरुत्वाकर्षणावर न विसंबणारे काही तरी हवे होते. ते सापडले फिरत्या चाकात. जोरात फिरणारा भोवरा जसा आपली दिशा सोडायला तयार नसतो, तसे दुहेरी-तिहेरी कड्यांमध्ये मोकळे बसवलेले चाक विमान कसेही कलले तरी आपला आस होता तसाच राखते. हा जायरोस्कोप. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको याने १८५२ मध्ये पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी त्याचा उपयोग केला होता. अमेरिकेतल्या एल्मर स्पेरी याने त्यावरून जहाजांचे होकायंत्र घडवले आणि त्याच्या मुलाने, लॉरेन्सने, ते चाक विमानात नेले.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझॉं येथे सीन नदीच्या काठावर विमान-सुरक्षिततेची स्पर्धा भरली होती. लॉरेन्स स्पेरी तेव्हा २१ वर्षांचा. कर्टिस कंपनीचे पाण्यावर उतरणारे दुपंखी विमान घेऊन तो परीक्षकांसमोरून गेला, तेव्हा त्याने दोन्ही हात वर केलेले होते. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशॅं पंखावर चालत गेला. एका पंखावर माणसाचे वजन पडले की विमान त्या बाजूला कलणारच. ते कलू लागताच जायरोस्कोपने पंखांच्या झडपा आपोआप हलवल्या आणि पंख पुन्हा समान झाले. स्पेरीला ५०,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. राइट बंधूंनी इंजिनाचे विमान उडवून तेव्हा अकरा वर्षेसुद्धा पूर्ण झाली नव्हती! विमानाला स्वतःचा तोल सांभाळायला शिकवण्याचा ध्यास विमानाइतकाच जुना आहे, आणि सुरुवातीच्या धड्यांतला एक होता तो रोलचा.

पंखांच्या टोकांजवळ मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या या झडपांना ‘एलेरॉन’ म्हणतात. डावे वर गेले की उजवे खाली जाते. वर गेलेल्या बाजूचा उचलजोर घटतो, खाली गेलेल्या बाजूचा वाढतो, आणि विमान वर गेलेल्या झडपेच्या बाजूला कलते. मोठ्या विमानांत पंखाच्या पाठीवरचे ‘स्पॉयलर’ नावाचे पत्रेही उघडून मदत करतात. ऑटोपायलटचे काम एवढेच, की या झडपा कधी, किती आणि कुठल्या दिशेने हलवायची ते ठरवायचे.

‘एवढेच’ म्हटले तरी त्यात एक खुबी आहे. समजा, वाऱ्याच्या झोताने विमान उजवीकडे ५ अंश कलले. ऑटोपायलटने फक्त चूक मोजली आणि चूक शून्य होईपर्यंत डावीकडे जोर लावला, तर पंख समान झाले त्या क्षणीही विमान वेगाने डावीकडे फिरतच असेल. ते पलीकडे जाईल, मग उलट दुरुस्ती, मग पुन्हा पलीकडे. म्हणून यंत्र दोन गोष्टी मोजते: किती कललो आहोत आणि किती वेगाने फिरतो आहोत. पंख समान होण्याच्या बेतात आले आणि फिरण्याचा वेग अजून जास्त असेल, तर ते आधीच जोर आवरते, प्रसंगी उलटा लावते. हा झाला सर्वांत आतला फेरा. त्याच्या बाहेर दुसरा फेरा दिशेचा. विमानाचे नाक ६० अंशांवर आहे आणि वैमानिकाने ९० अंश निवडले, तर हा फेरा आतल्याला सांगतो, ‘उजवीकडे कल’. नाक ९० च्या जवळ येऊ लागले की कल कमी करायला सांगतो. त्याच्याही बाहेर तिसरा फेरा मार्गाचा. नकाशावरच्या रेघेपासून विमान किती ढळले ते तो पाहतो. बाहेरचे फेरे कितीही हुशार असोत, त्या सगळ्यांचा हुकूम शेवटी आतल्या फेऱ्याकडूनच पार पडतो.

प्रवासी विमानात ऑटोपायलट साधारण २५ ते ३० अंशांपलीकडे कलू देत नाही. २५ अंशांच्या कलात प्रवाशाला आपले वजन सुमारे दहा टक्के वाढल्यासारखे वाटते, जे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ६० अंशांवर ते दुप्पट होईल. पण या मर्यादेची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान २५ अंश कलून वळले, तर सेकंदाला जेमतेम एक अंश फिरते आणि त्याच्या वळणाची त्रिज्या साडेतेरा किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे उलट फिरून माघारी यायचे तर आडवी २७ किलोमीटर जागा हवी. बुऱ्हाणपूरच्या डोक्यावर वळायला लागलेले विमान माघारी फिरेपर्यंत, तिथून विसेक किलोमीटरवरचा असीरगडही मागे टाकून गेलेले असेल.

हे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: सपाट कुठे आहे हे यंत्राला खरेखुरे माहीत आहे. ते गृहीत ढासळले तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोईंग ७४७ रात्री आठनंतर सांताक्रूझहून दुबईकडे झेपावले. एअर इंडियाच्या ताफ्यात १९७१ मध्ये आलेले हे पहिले जम्बो. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे उजवे वळण घेतले गेले आणि विमान पुन्हा सरळ झाले. पुढे काळा समुद्र, वर काळे आकाश, मध्ये क्षितिज नाही. वैमानिकासमोर जायरोस्कोपवर चालणारे ‘कृत्रिम क्षितिज’ असते. वर आकाश, खाली जमीन, मध्ये रेघ. मुख्य वैमानिकाच्या बाजूचे हे यंत्र बिघडले होते आणि विमान अजून उजवीकडे कललेलेच आहे असे दाखवत होते. त्याने साहजिकच हातातले नियंत्रणाचे चाक डावीकडे फिरवले. यंत्र हलेना. त्याने आणखी फिरवले.

सहवैमानिकाच्या बाजूचे यंत्र डावीकडचा तीव्र कल दाखवत होते, बहुधा बरोबर दाखवत होते. पण समोर दोन यंत्रे दोन उलट गोष्टी सांगताहेत म्हटल्यावर आपलेही बिघडले, असेच त्याला वाटले. तिसरे, राखीव यंत्र होते. फ्लाइट इंजिनियरने चुकीच्या यंत्रावर विसंबू नका असे सांगण्याचा प्रयत्न केला. वेळ उरली नव्हती. विमान डावीकडे १०८ अंशांपर्यंत कलले. ९० अंशांवर पंख उभे होतात. त्यापलीकडे पंखांचा तोच उचलजोर विमानाला खाली ढकलू लागतो. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर, विमान समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कुणीही वाचले नाही. १९९६ मध्ये चरखी दादरीला झालेल्या विमानांच्या टकरीपर्यंत भारतातला हा सर्वांत भीषण विमान अपघात होता.

आधी घातपाताची शंका होती, तपासात तसे काही आढळले नाही. यंत्र बिघडल्यावर विमानाची स्थिती न ओळखता मुख्य वैमानिकाने दिलेले चुकीचे हिसके, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेत बोईंग, यंत्राची निर्माती लिअर सिग्लर आणि पूरक यंत्रणेची निर्माती कॉलिन्स रेडिओ यांच्यावर दावे झाले. १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. पण एका माणसाच्या माथी दोष मारून तो खरा संपत नाही. त्या रात्री विमान माणसाच्या हाती होते, ऑटोपायलटच्या नव्हे, आणि तरी हा अपघात ऑटोपायलट समजून घेण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण कॉकपिटमधला माणूस तेव्हा नेमके तेच करत होता, जे यंत्र करते: कल मोजायचा, चूक काढायची, उलट जोर लावायचा. पद्धत बरोबर होती. मोजमाप खोटे होते.

यावरचा उपाय म्हणजे साक्षीदार वाढवणे. एकच घड्याळ असेल तर ते चुकल्याचे कळत नाही. दोन असली तर काही तरी चुकले एवढेच कळते. तीन असली तर बहुमत घेता येते. आजच्या मोठ्या प्रवासी विमानांत कलाची माहिती देणारे तीन स्वतंत्र संच असतात, त्यांच्यात तफावत पडली की संगणक ती वैमानिकाला दाखवतो, आणि शिवाय एक राखीव क्षितिज वेगळे असते. फिरते चाकही मागे पडले आहे. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७६७ पासून प्रवासी विमानांत लेसर जायरो आला. त्यात प्रकाशाचे दोन झोत एकाच बंद वाटेने परस्परविरुद्ध दिशांना धावतात, आणि विमान जरा फिरले की दोघांत फरक पडतो. झिजायला आणि अडकायला फिरते चाकच उरलेले नाही.

मोजमापाचा प्रश्न असा बराच सुटला. दुसरा प्रश्न अधिक चिवट निघाला: यंत्राने हात टेकले, तर ते माणसाला कसे कळणार?

१९ फेब्रुवारी १९८५ रोजी तैपेहून लॉस एंजेलिसला निघालेले चायना एअरलाइन्सचे बोईंग ७४७-एसपी ४१,००० फुटांवर होते. उजव्या टोकाकडच्या इंजिनाचा जोर गेला. विमान उजवीकडे ओढले जाऊ लागले, ऑटोपायलट चाक डावीकडे वळवून ते सावरू लागला. शेपटीच्या सुकाणूवर त्याचा ताबा नव्हता, त्याच्याकडे फक्त रोलच्या झडपा होत्या. वेग घटत गेला, चाक वळत वळत ऑटोपायलटच्या मर्यादेला टेकले, आणि वैमानिकांचे लक्ष इंजिन आणि वेग यांतच गुंतलेले होते. मर्यादा संपल्यावर विमान उलटेपालटे होत सुमारे ९,५०० फुटांपर्यंत पडले. ढगांतून बाहेर आल्यावर क्षितिज दिसले आणि मुख्य वैमानिकाने विमान सावरून सॅन फ्रान्सिस्कोला उतरवले. २७४ जण वाचले. यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत आपले काम चोख करत होते, आणि त्या चोखपणामुळेच काय बिघडले आहे ते झाकले गेले.

२३ मार्च १९९४ रोजी मॉस्कोहून हाँगकाँगला जाणाऱ्या एरोफ्लोटच्या एअरबस ए३१० मध्ये तर ऑटोपायलटने रोलचा ताबा बिनबोभाट सोडला. मुख्य वैमानिकाच्या जागेवर वैमानिकाचा मुलगा बसला होता, त्याने चाकावर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जोर धरला. माणसाला विमान हातात घ्यायचे आहे असा अर्थ लावून यंत्राने एलेरॉनपुरती पकड सोडली, बाकी सगळे स्वतःकडे ठेवले, आणि याची सूचना दिली ती फक्त एका दिव्याने. कुणाचे लक्ष गेले नाही. विमान कलत गेले आणि ७५ जण मृत्युमुखी पडले.

जोर लावला की यंत्राने वाट सोडावी, हा विचार मुळात योग्यच आहे. पण तो अनवधानाने लागलेल्या जोरालाही मान देतो. २६ मे २०१० रोजी दुबईहून पुण्याला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोईंग ७३७ मध्ये मुख्य वैमानिक कॉकपिटबाहेर गेला असताना, सहवैमानिक आपली खुर्ची सरकवत होता. त्याचा धक्का समोरच्या दांड्याला लागला. ३७,००० फुटांवरच्या विमानाचे नाक खाली झुकले आणि ते ७,००० फूट खाली आले. मुख्य वैमानिकाने सांकेतिक आकडे वापरून दार उघडले, आत येऊन विमान सावरले. कुणाला इजा झाली नाही. ही घटना नाक वर-खाली होण्याची, रोलची नव्हे, पण ७३७ मध्ये चाक जोराने फिरवले तर रोलच्या बाबतीतही यंत्र असाच ताबा सोडते.

एअरबसने १९८८ मध्ये सेवेत आणलेल्या ए३२० मध्ये वेगळी वाट धरली. इंडिगो आणि एअर इंडिया यांच्यामुळे ही विमाने आज आपल्याकडे सगळीकडे दिसतात. यात माणूस स्वतः उडवत असतानाही संगणक मध्ये असतो. ३३ अंशांच्या आत कलवून हात सोडला तर विमान त्याच कलावर राहते. त्यापलीकडे नेऊन सोडला तर आपोआप ३३ वर परतते. आणि दांडा पूर्ण दाबून धरला तरी ६७ अंशांपलीकडे कलत नाही. यंत्रणा शाबूत असेल तोवर १०८ अंशांचा कल त्यात घडणार नाही. वैमानिकाच्या हाताला अशी वेसण घालावी का, यावर विमानक्षेत्रात बरीच वर्षे वाद झाला. सांताक्रूझच्या त्या १०१ सेकंदांकडे पाहिले, तर वेसण असावी असेच म्हणावे लागते. मात्र ती वेसणही खऱ्या मोजमापावरच उभी असते, हे विसरून चालणार नाही.

बुऱ्हाणपूरकरांना सर्वांत जवळचे विमानतळ जळगावचे. तिथे येणारी एटीआर ७२ जातीची विमाने या कथेत आणखी एक धागा जोडतात. ए३२० च्या उलट, त्यांची एलेरॉन तारांनी थेट वैमानिकाच्या चाकाला जोडलेली असतात, मध्ये हायड्रॉलिक जोर नसतो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रोझलॉनजवळ या जातीचे विमान थंडगार पावसाळी ढगांत घिरट्या घालत होते. एलेरॉनच्या पुढे पंखावर बर्फाचा कंगोरा साचला, हवेचा प्रवाह उखडला आणि त्याने एलेरॉन अचानक खेचून घेतले. ऑटोपायलट सुटला, विमान उजवीकडे लोळले, ६८ जण गेले. त्यानंतर पंखावरचे बर्फ फोडणारे रबरी पट्टे रुंद केले गेले आणि तीव्र हिमस्थितीत ऑटोपायलट बंद ठेवण्याचा नियम झाला, म्हणजे चाकात होणारा बदल वैमानिकाच्या हाताला आधी जाणवावा.

जळगावहून अशा विमानाने जाण्याचा योग आला आणि पंखाच्या मागची खिडकी मिळाली, तर वळण सुरू होताना डोक्यावरच्या पंखाच्या टोकाची मागची कड जरूर पाहावी. वळण चालू असेपर्यंत एलेरॉन वाकलेलेच राहील असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. वळणात शिरताना ते थोडे हलते, कल हवा तेवढा झाला की जवळजवळ मधोमध येऊन थांबते, आणि वळण संपवताना उलट बाजूला हलते. एलेरॉन विमानाला कलवते आणि सरळ करते, वळवत ठेवण्याचे काम कललेले पंखच करतात.